दहा सेकंदांनंतर

४ फेब्रुवारी, मंगळवार

अंतराळस्थानकात महिनोन्‌महिने राहणारी माणसं रोज चार ओळी लिहितात, त्याने डोकं ठिकाणावर राहतं, असं मी मुलांना सांगते. सांगून सांगून मलाच वाटायला लागलं की आपणही लिहून बघावं. चारच ओळी लिहीन असं नाही.

नोकरी पक्की झाली. तारांगणाच्या संचालकांनी बोलावून कागद हातात दिला. अंतराळ शिक्षिका, फिरता विभाग. म्हणजे फुगवायचा घुमट, त्यात हवा भरणारा पंखा, प्रोजेक्टर आणि मी, असं सगळं गाडीत घालून शाळाशाळांतून जायचं आणि मुलांना अंधारात बसवून ग्रह दाखवायचे. महिन्यातले अठरा दिवस बाहेर. संचालक म्हणाले, "शाळेत असताना तुम्ही ते बोलणारं यंत्र केलं होतंत ना? पेपरात वाचलं होतं मी. मग यंत्र सोडून आकाशाकडे कशा वळलात?" हे मला सगळेच विचारतात. मी नेहमीचं उत्तर दिलं. न बोलणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते सोडवून झालं, आता फार लांबच्या माणसाशी कसं बोलायचं ते शिकवते. ते हसले. वाक्य चांगलं आहे, दर वेळी खपतं.

यंत्र आत्यासाठी केलं होतं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन केंद्रात पस्तीस वर्षं काढली, आमच्याच घरात राहते आणि मला तिनेच वाढवलं. तोंडाचा पट्टा असा की दूधवाला तिची चाहूल लागली की पिशवी दारात ठेवून पळायचा. आठ वर्षांपूर्वी मेंदूत रक्त साकळलं. कळतं सगळं, ऐकू येतं सगळं, हलतात फक्त डोळे आणि उजवा गाल. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. गालाला चिकटवायची एक टिकली केली, तिला जोडलेला पडदा केला आणि माझ्या आवाजात दोनशे चाळीस वाक्यं भरली. विचारणाऱ्याने लाल बटण दाबून प्रश्न विचारायचा, मग पडद्यावर एकेक वाक्य उजळत जातं, हवं ते आलं की आत्याने गाल हलवायचा, यंत्र ते वाक्य बोलतं. राज्यभरातून पहिला नंबर आला. सात वर्षं झाली, एकदाही बंद पडलेलं नाही.

संध्याकाळी घरात बैठक बसली. आईचे गुडघे गेलेत, बाबांची कचेरी, आणि मी अठरा दिवस बाहेर. आत्याला उचलायचं कुणी? बाबांनी कपाटातून निवासी केंद्राचं माहितीपत्रक काढलं. ते तिथे आधीपासून होतं, हे माझ्या लक्षात आलं. मग आत्याच्या खोलीत जाऊन त्यांनी बटण दाबलं आणि विचारलं, "ताई, तिथे राहायला जाशील का? चोवीस तास बाया असतात. आम्ही येत जाऊ."

आम्ही तिघं पडद्याकडे बघत उभे राहिलो. "चालेल," यंत्र म्हणालं. बाबांनी श्वास सोडला. त्यांना पडत्या फळाची आज्ञा. आत्याने डोळे मिटून घेतले, दमली असावी. एक मार्चला न्यायचं ठरलं.

मला सुटल्यासारखं वाटलं. हे इथे लिहायला हरकत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आईने आत्याच्या सामानाची यादी केली. नऊ ओळींत आटोपली. एवढं बोलणाऱ्या बाईचं एवढंच सामान.

दुपारी आत्यासमोर नवा तास म्हणून दाखवला. मी प्रत्येक तास आधी तिच्यासमोर म्हणते, ती कंटाळून उठून जाऊ शकत नाही हा तिचा मोठा गुण. या तासाचं नाव 'वाट पाहण्याचा तास'. अर्धी मुलं मंगळाकडे निघालेल्या यानात, अर्धी पृथ्वीवर. पृथ्वीवरच्यांनी एक प्रश्न पाठवायचा. संदेश तिकडे पोचायला सहा मिनिटं, उत्तर यायला सहा. बारा मिनिटं खरोखर, घड्याळ लावून, गप्प बसायचं. तिकडच्या माणसाच्या वतीने काही ठरवायचं नाही. माझ्या मते हा माझा सगळ्यात चांगला तास आहे.

संपल्यावर बटण दाबून विचारलं, "कसा झाला?"

"चालेल."

तिच्याकडून याहून जास्त कधीच मिळत नाही. पूर्वी असती तर पंधरा चुका काढल्या असत्या. आजारपणाने माणूस मऊ होतो म्हणतात. शेजारच्या काकू तर परवा आईला म्हणाल्या, "तुमच्या वन्सं आता किती गोड झाल्यात हो." आई पेला विसळत राहिली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज शाळेत डोक्याला ताप झाला. घुमट व्यवस्थित फुगला, मुलं व्यवस्थित रांगत आत आली. प्रश्न पाठवला, "तुमच्याकडे पाणी किती दिवस पुरेल?" मुलं वाट बघत बसली. पहिली तीन मिनिटं खुसुखुसु, मग आपोआप गप्प झाली. सातव्या मिनिटाला वर्गशिक्षिकाबाईंचा धीर सुटला. घंटा व्हायला आली होती. "समजा रे, पुरेसं आहे म्हणाले. चला पुढे," असं म्हणून त्यांनी दिवाच लावला.

बाहेर आल्यावर मी त्यांना सौम्य शब्दांत सांगितलं की बाई, तुम्ही यानातल्या माणसांना मारलंत. त्या म्हणाल्या, "अहो, खेळच आहे ना." मला राग आला. उत्तर यायला वेळ लागतोय म्हणून आपणच उत्तर देऊन टाकायचं, ही सवय मोठ्या माणसांनाच जास्त असते. अहवालात तसं लिहिलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

केंद्राचा नियम असा की आधी तीन दिवस राहून बघायचं. सकाळी आत्याला पोचवलं. इमारत बरी आहे. रुंद दारं, फिनेलचा वास, प्रत्येक खोलीत दोन खाटा आणि एक खिडकी. आत्याच्या मजल्यावर एक धिप्पाड बाई आहेत. गळ्यात दोरीने एक पारदर्शक पाटी अडकवलेली, तिच्यावर अक्षरं रंगवलेली. मी त्यांना यंत्र कसं वापरायचं ते नीट समजावलं. त्या मान हलवत होत्या, पण बघत माझ्याकडे नव्हत्या, आत्याकडे बघत होत्या. मनात मी त्यांचं नाव पाटीबाई ठेवलं.

घरी आल्यावर बघते तर यंत्राचा चार्जर भिंतीलाच लटकलेला. बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकली तर टिकली. फोन केला तर पाटीबाई म्हणाल्या, "राहू दे हो ताई, आमचं आम्ही बघतो." बाबा गाडी घेऊन गावाबाहेर गेलेत, आणि मला उद्या तारांगणात रविवारचे खेळ, परवा सकाळी शाळा आहे. म्हणजे तीन दिवस आत्या मुकी. जिवाला लागून राहिलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आत्याला घरी आणलं. चेहऱ्यावर रंग होता. केस वेगळे विंचरलेले, मधोमध भांग. मी म्हटलं, "हे काय, भांग बदलला?" पाटीबाई म्हणाल्या, "त्यांनी सांगितला तसा पाडला."

त्यांनी एक कागदही दिला. तिथे प्रत्येकाच्या घरच्यांना असा कागद देतात. तो इथे उतरवते.

'चहात साखर नको. आजारी पडल्यापासून नको. डाव्या कुशीवर झोपवू नये, खांदा दुखतो. सकाळचा रेडिओ बंद ठेवावा. पांघरूण पायावर घालावे, छातीवर नाही. बाई बोलक्या आहेत. तीन दिवसांत माझ्याशी दोनदा भांडल्या, एकदा मी चुकले होते. शेजारच्या खाटेवरच्या आजींना त्यांनी टेलिफोन केंद्रातली गोष्ट सांगितली, ती अर्धी राहिली आहे.'

वाचून मला आधी हसू आलं, मग संताप. सात वर्षं आत्या रोज दोन वेळा साखरेचा चहा पिते. आई रोज बटण दाबून विचारते, "वन्सं, साखर घालू ना?" आणि ती रोज म्हणते, चालेल. आणि ही बाई गळ्यात पाटी अडकवून तीन दिवसांत नवी आत्या शोधून काढते. डोळ्यांच्या हालचालींवरून अक्षरं जुळवायची म्हणजे ढगात हत्ती बघण्यातलाच प्रकार. आपल्याला हवं ते दिसतं.

घरी आल्याआल्या मीच बटण दाबून विचारलं, "आत्या, चहात साखर?"

"चालेल."

बघा. आत्याने डोळे मिटले. तिचे डोळे पाणावल्यासारखे वाटले, प्रवासाची धूळ असेल. थेंब घातले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पाटीबाईंना पुरावा पाठवावा म्हणून यंत्रातली नोंद काढली. यंत्र प्रत्येक उत्तराची नोंद ठेवतं, वेळ, वाक्य, आणि शेवटी एक खूण. ती खूण मीच सातेक वर्षांपूर्वी घातलेली, आणि आज तिचा अर्थ मला आठवेना. 'गा' आणि 'आ'. जुनी वही शोधली. 'गा' म्हणजे गालाने. 'आ' म्हणजे आपोआप.

आपोआप कशाला, ते त्याच वहीत दोन पानं पुढे सापडलं. माझंच अक्षर. 'स्पर्धेत परीक्षकांसमोर शांतता वाईट दिसते. दहा सेकंदांत गाल हलला नाही तर यंत्राने पहिलं वाक्य बोलावं. नंतर काढून टाकणे.' काढून टाकणे याच्याखाली दोन रेघा ओढलेल्या. पहिलं वाक्य 'चालेल' होतं, कारण ते छोटं आहे आणि परीक्षकांना आवडेल असं वाटलं होतं.

मी ते काढलं नाही. बक्षीस मिळालं, सत्कार झाले, एका सत्कारात तारांगण बघितलं आणि माझं लक्ष तिकडे गेलं. बस्स. एवढंच कारण आहे, याहून मोठं शोधूनही सापडत नाही.

गेल्या एका वर्षाची नोंद मोजली. 'चालेल' तीन हजार आठशे चाळीस वेळा. त्यातलं गालाने एकशे बारा. चार फेब्रुवारीचं, केंद्रात जाशील का, आपोआप. चहाची सगळी आपोआप. माझ्या तासाचं आपोआप. 'नको' तिसऱ्या पानावर आहे, तिथवर पोचायला चाळीस सेकंद लागतात. दहाव्या सेकंदाला यंत्र बोलून मोकळं.

अक्षरांचंही एक पान आहे, सातवं, ते आत्या गाल दाबून धरून स्वतः उघडू शकते. ते दोनशे सहा वेळा उघडलं गेलंय. पुरा झालेला शब्द एकही नाही. एका अक्षरापाशी दहा सेकंद रेंगाळलं की पुन्हा चालेल. 'थ'पासून सुरू केलेले एकाहत्तर प्रयत्न आहेत. थंडी वाजत असेल. तिच्या खिडकीला जाड पडदा लावायला हवा.

यंत्रातली ती दहा सेकंदांची ओळ खोडायला चार मिनिटं लागली.

मग तपासायला म्हणून सगळी वाक्यं एकदा लावून ऐकली. सोळा वर्षांची मी, वक्तृत्व स्पर्धेच्या आवाजात. 'मला बरं वाटतंय.' 'तुमचे आभार.' 'चालेल.' दोनशे चाळीस वाक्यांत एकही प्रश्न नाही. आत्या काही विचारेल हे मला सुचलंच नव्हतं. सात वर्षं मी तिला विचारत होते आणि उत्तरही मीच देत होते. जेवण गेलं नाही. स्वतःची इतकी लाज मला याआधी कधी वाटलेली नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आईला सांगितलं. ती कणीक मळत होती, हात थांबवले नाहीत.

"मला वाटायचंच," म्हणाली.

"काय वाटायचं?"

"वन्सं आणि चालेल? अगं, त्यांना माझ्या लग्नातली पंगतही चालली नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझा पहिला नंबर आला होता. तुझे बाबा गल्लीभर सांगत फिरत होते. मी कशी म्हणू की यंत्र खोटं बोलतं? आणि खरं सांगू, सोपं झालं होतं गं. आधी मी क, ख, ग म्हणत बसायचे आणि त्या पापणी मिटायच्या. एका वाक्याला अर्धा तास. माझी आमटी करपायची. पण भांडता यायचं आम्हाला."

मग तिने पिठाचे हात धुतले, आत्याच्या खोलीत गेली, चहाचा कप उचलून मोरीत ओतला आणि बिनसाखरेचा करून आणला. आत्याने शेवटच्या घोटापर्यंत घेतला. बाबांना अजून सांगितलेलं नाही. आई म्हणते, हळूहळू सांगू, त्यांना झेपणार नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ठरवलं. आत्याला तिच्या मनाविरुद्ध कुठेही पाठवायचं नाही. संचालकांना पत्र लिहून तयार ठेवलं. घरगुती अडचणीमुळे फिरत्या विभागातलं पद घेता येत नाही, क्षमस्व. तीनदा लिहिलं, तिसऱ्यांदा चांगलं उतरलं. लिहून झाल्यावर मला छान, हलकं वाटलं. आपण कुणासाठी काहीतरी सोडतोय याची एक गोडी असते, तीही होती. खोटं कशाला लिहू.

नंतर घुमट गुंडाळताना मात्र रडू आलं. अकरा हजार मुलं त्या घुमटातून गेलीत. दुसरं काही काम मला येतं असं वाटत नाही.

घुमटाच्या पेटीचं जुनं प्लास्टिकचं झाकण होतं, स्वच्छ, आरपार दिसणारं. ते कापून पाटी केली. अक्षरं आठ ठिकाणी, आठ रंगांत. पाटीबाईंना फोन करून रीत विचारली. त्यांनी सांगितली, टोमणा एकही मारला नाही. तो मारला असता तर बरं झालं असतं. "एक लक्षात ठेवा," म्हणाल्या, "शब्द आपण पुरा करायचा नाही. केलात तर त्या डोळे मिटतात. मग पहिल्यापासून."

डोळे मिटतात. मी फोन ठेवला आणि याच वहीची मागची पानं उलटली: दोनदा लिहिलंय, आत्याने डोळे मिटले.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आई-बाबा बाहेर गेल्यावर आत्याच्या समोर स्टूल घेऊन बसले. यंत्र बंद करून बाजूला ठेवलं. पाटी मधे धरली. पाटीच्या आरपार तिच्या डोळ्यांत बघावं लागतं, त्याशिवाय ती कुठल्या अक्षराकडे बघतेय ते कळत नाही. यंत्र बोलायचं तेव्हा आम्ही सगळे यंत्राकडे बघायचो. तिच्या डाव्या डोळ्यात तपकिरी ठिपका आहे हे मी विसरून गेले होते.

आधी सगळं सांगून टाकलं. परीक्षक, दहा सेकंद, राहून गेलेली ओळ. माफी मागितली. मग म्हटलं, "तुला तिथे पाठवायचं तू ठरवलंच नव्हतंस, ते माझ्या यंत्राने ठरवलं. नको जाऊस. मी नोकरी सोडतेय, पत्र लिहिलंय. आता सांग."

काना-मात्रा ती गाळते. ग आलं. मग प. मग परत प.

"गप्पा?" मी म्हटलं. "गप्पा मारायच्यात?"

तिने डोळे मिटले. मी पहिल्यापासून सुरुवात केली. ग, प, प, ब, स.

गप्प बस.

आठ वर्षांनी शिवी खाल्ली. मी गप्प बसले. घड्याळ समोर होतं, मी मुद्दाम त्याच्याकडे पाठ केली. ती कितीतरी वेळ कुठेच बघत नव्हती, नुसती छताकडे. विचार करत होती. तिला विचार करायला वेळ लागू शकतो, हेसुद्धा माझ्या यंत्रात नव्हतं. मग अक्षरं यायला लागली. पाटी धरून माझे हात भरून आले, कोपर गुडघ्यांवर टेकवले.

पहिला शब्द आला, जाणार.

मला वाटलं मी चुकले. परत विचारलं, "जाणार? तिथे? केंद्रात?"

डोळे वर केले. वर म्हणजे हो.

"माझ्यासाठी म्हणतेस का? माझी नोकरी जाऊ नये म्हणून?"

डोळे खाली. खाली म्हणजे नाही. आणि मग तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की त्याला पाटीची गरज नव्हती. तुझी नोकरी गेली खड्ड्यात, असा साधारण भाव.

"मग का?"

याला फार वेळ लागला. मधे दारावरची घंटा वाजली, मी उठले नाही. तिचे डोळे लाल झाले होते, तरी चालू होते. दोन शब्द आले.

तिथे थांबतात. म्हणजे ते 'थ' थंडीचं नव्हतं.

मी यंत्राकडे हात केला. म्हटलं, "आता हे दुरुस्त केलंय. दहा सेकंदांचं काढून टाकलं, प्रश्न भरीन, तुला हवी ती वाक्यं भरीन, शिव्यासुद्धा भरीन. हे तिकडे घेऊन जाशील ना?"

डोळे खाली.

सोळाव्या वर्षी केलेली एकच गोष्ट लोक ओळखतात माझी, आणि ज्या माणसासाठी केली त्याला ती सोबतसुद्धा नको. मी रडले. आत्या बघत होती. तिने डोळे मिटले नाहीत. माझं संपेपर्यंत ती थांबली आणि मग पाटीकडे बघून दोनच अक्षरं दाखवली. न, क. शेंबूड पुसायला ती मला लहानपणीही एवढंच म्हणायची. मी नाक पुसलं.

एका तासात चार गोष्टी बोलून झाल्या. संचालकांना लिहिलेलं पत्र मी फाडलं. त्यात मोठेपणा काही नव्हता, ते आता निरुपयोगी होतं.

१ मार्च, शनिवार

आत्याला पोचवून आलो.

बाबांना काल सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तिला आमच्या आईच्या बांगड्या विकायला चालणार नव्हत्या?" ते त्यांनी तीन वर्षांपूर्वी विचारलं होतं. मी म्हटलं, मला माहीत नाही बाबा, ते तिला विचारा. पण काल ते तिच्या खोलीत आलेच नाहीत. आज गाडीत मात्र तिच्या शेजारी बसले, पुढे बसायची त्यांची जागा सोडून.

खोलीत शेजारच्या खाटेवरच्या आजी वाटच बघत होत्या. "या बाई. ती लाईन मग जोडली की नाही?" टेलिफोन केंद्रातली अर्धी राहिलेली गोष्ट. आम्हाला कुणालाच ती गोष्ट माहीत नाही. आत्याने डोळ्यांनी त्यांना दम धरायला सांगितलं. निदान मला तसं वाटलं. मी आता अंदाज करत नाही.

सामान लावून झालं. तिघंही एकदम बोलायला लागलो. आई पांघरुणाबद्दल, मी फोनबद्दल, बाबा म्हणत होते, "ताई, आम्ही सगळे दर रविवारी येऊ, तू काही काळजी करू नकोस, दर रविवारी न चुकता, चालेल ना?" आणि बोलता बोलता त्यांचा हात सवयीने बटण शोधायला गेला. यंत्र तिथे नव्हतं. हात खाटेच्या कठड्यावर राहिला. पाटीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी पाटी बाबांच्या हातात दिली.

बाबांना रीत येत नव्हती. पाटी उलटी धरली होती, ती मी सरळ केली. ते वाकले, चष्मा वर केला आणि तिच्याकडे बघायला लागले. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. बाबांच्या कपाळावर घाम आला. मधे एकदा त्यांनी शब्द पुरा करायचा प्रयत्न केला, आत्याने डोळे मिटले, आणि माझे बाबा, जे कचेरीत कुणाचं वाक्य संपू देत नाहीत, निमूट पहिल्या अक्षराकडे गेले.

शेवटी त्यांनी पाटी खाली केली आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "एकेकटे या, म्हणतेय."

पहिला रविवार बाबांनी मागून घेतला. दुसरा आईला. माझा तिसरा, सोळा मार्च. त्या आठवड्यात माझ्या पाच शाळा आहेत, पण रविवार मोकळा आहे. काय बोलायचं ते मी ठरवून जाणार नाही. तिला काय विचारायचंय ते बघू.